स्ट्रिकलंडचा ‘मूड’ आणि खुर्चीतला खेळ

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

अमेरिकेचा व्यावसायिक पूल खेळाडू अर्ल स्ट्रिकलंड याच्याविषयी आपल्या क्रीडा पानावर नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात पूलसारख्या खेळाला इतकी जागा मिळणे हे एरवी घडत नाही, तेव्हा त्याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र लेखाचा एकूण सूर असा होता की, निसर्गाने भरभरून दिलेल्या या खेळाडूला जिद्द काही टिकवता आली नाही; मन लागले तेव्हा तो अजिंक्य ठरला आणि मन उडाले तेव्हा कोणीही यावे आणि त्याला हरवून जावे, अशी त्याची कारकीर्द झाली. हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे जरा सविस्तर मांडण्याची परवानगी असावी, कारण नेमका हाच शिक्का आपल्या नागपुरातल्या पार्लरमध्ये खेळणाऱ्या मुलांवरही उठताबसता मारला जातो आणि त्यातून त्यांचे नुकसान होते.

ज्यांनी हा खेळ केवळ कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये, मित्रांच्या गोंगाटात पाहिला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगणे भाग आहे. व्यावसायिक पूलमध्ये मुख्यतः नाइन-बॉल हा प्रकार खेळला जातो. एक ते नऊ क्रमांकांचे चेंडू टेबलावर मांडतात, टेबलावर उरलेल्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला पांढऱ्या चेंडूचा पहिला स्पर्श व्हावा लागतो आणि नऊ क्रमांकाचा चेंडू जो नियमाने पॉकेटमध्ये घालतो, त्याचा तो रॅक, म्हणजे डाव. ठरलेल्या संख्येइतके रॅक आधी जिंकणाऱ्याचा सामना. पुष्कळ स्पर्धांत रॅक जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक, म्हणजे रॅक सुरू करणारा पहिला फटका, मिळत आला आहे, त्यामुळे ब्रेक चांगला बसलेला आणि पांढरा चेंडू हव्या त्या जागी थांबवणारा खेळाडू एकामागून एक रॅक साफ करत गेला, तर प्रतिस्पर्ध्याला क्यू हातात धरून नुसते बसून राहावे लागते. क्रिकेटमध्ये समोरचा फलंदाज शतक ठोकत असला तरी आपल्या हातात चेंडू असतो, निदान क्षेत्ररक्षण तरी असते. टेनिसमध्ये प्रत्येक फटका परतवायची संधी असते. पूलमध्ये यातले काहीही नाही. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्याचा मोठा भाग टेबलापाशी नव्हे, तर खुर्चीत जातो, आणि ही गोष्ट फॉर्मची चर्चा करताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

आता स्ट्रिकलंडची कामगिरी पाहू. अमेरिकेच्या प्रतिष्ठेच्या यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धेचे विजेतेपद त्याने १९८४, १९८७, १९९३, १९९७ आणि २००० असे पाच वेळा मिळवले. जागतिक नाइन-बॉल स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन्ही वर्षी तोच जिंकला आणि त्यानंतर थेट २००२ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. या वर्षांमधली अंतरे पाहूनच लेखकाने सातत्याचा अभाव हा मुद्दा काढला असावा. तीन वर्षे, सहा वर्षे, चार वर्षे, अकरा वर्षे अशी मोजणी केली की, हा माणूस मधल्या काळात झोपला होता की काय, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९९० नंतर १९९१ मध्ये स्ट्रिकलंडने जे केले, म्हणजे जागतिक विजेतेपद सलग दुसऱ्या वर्षी राखले, ते त्यानंतर २०२५ पर्यंत पुरुषांमध्ये दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. जॉनी आर्चरला नाही, एफ्रेन रेयेसला नाही, आल्बिन ऊशान, फेडोर गोर्स्ट किंवा कार्लो बियाडो यांनाही नाही, जरी या तिघांनी ते प्रत्येकी दोनदा जिंकलेले असले तरी. बियाडोच्या दोन जागतिक विजेतेपदांमध्ये, २०१७ आणि २०२५ या दोन वर्षांमध्ये, आठ वर्षांचे अंतर आहे आणि त्याला कोणी आळशी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हणजे ज्याला आपण सातत्य नसलेला खेळाडू म्हणतो आहोत, तोच या एका बाबतीत सर्वांत सातत्याचा ठरतो. विजेतेपदांच्या वर्षांवरून मनाची स्थिती वाचण्याचा उद्योग किती फसवा आहे, हे दाखवायला एवढे पुरेसे व्हावे.

याचे कारण खेळाच्या गणितात आहे. समजा एखादा खेळाडू इतका श्रेष्ठ आहे की, दहापैकी आठ सामने तो जिंकतोच. १२८ खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत विजेत्याला सात सामने ओळीने जिंकावे लागतात, आणि दहात आठ या हिशेबाने सातही जिंकण्याची शक्यता एकवीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जिद्द, सराव, प्रकृती सगळे उत्तम असतानाही असा खेळाडू पाचपैकी चार स्पर्धा हरूनच घरी जाणार. त्यात नऊ किंवा अकरा रॅकच्या छोट्या सामन्यात ब्रेकनंतर पांढरा चेंडू पॉकेटमध्ये गेला, किंवा एक क्रमांकाचा चेंडू दुसऱ्या चेंडूमागे दडून बसला, की खेळाडूच्या गुणवत्तेचा तेवढ्यापुरता काही संबंध उरत नाही. २००१ च्या यूएस ओपनमध्ये अंतिम सामन्यात कोरी ड्युएलने मिका इम्मोनेनचा ११-० असा फडशा पाडला. हा इम्मोनेन काही महिन्यांपूर्वीच जगज्जेता झालेला होता आणि पुढे २००८ व २००९ अशी दोन वर्षे त्याने हीच यूएस ओपन ओळीने जिंकली. त्या अंतिम सामन्यात त्याच्या मनात काय चालले असेल ते असो, पण शून्य रॅकचा तो आकडा पाहून ‘याला जिंकायचेच नव्हते’ असे लिहिणारा पत्रकार चुकलाच असता.

शेन व्हॅन बोनिंगचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्याच्या मेहनतीबद्दल शत्रूही शंका घेत नाहीत. साउथ डकोटातल्या या खेळाडूला ऐकण्याची अडचण आहे आणि सामन्याच्या वेळी श्रवणयंत्र बंद ठेवण्याची त्याची पद्धत पूलप्रेमींना ठाऊक आहे. यूएस ओपन त्यानेही पाच वेळा जिंकली, त्यातली २०१२, २०१३ आणि २०१४ ची तर सलग. तरीही जागतिक नाइन-बॉल विजेतेपद त्याच्या हाती लागायला २०२२ साल उजाडले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याआधी २०१६ मध्ये दोह्यात तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ऑस्ट्रियाच्या आल्बिन ऊशानकडून १३-६ असा हरला. व्हॅन बोनिंगला हे विजेतेपद उशिरा मिळाले याला आपण दुर्दैव म्हणतो आणि स्ट्रिकलंडला मधली वर्षे मिळाले नाही याला मात्र चंचलपणा म्हणतो. एकाचा स्वभाव शांत आहे आणि दुसऱ्याचा तापट, एवढ्याच भांडवलावर आपण हा निवाडा करतो.

याचा अर्थ स्ट्रिकलंडच्या खेळात चढउतार नव्हते, असे मला म्हणायचे नाही. ते होते आणि डोळ्यांत भरण्याइतके होते. फक्त ते त्याच्या इच्छेतून आलेले नव्हते. मला दिसते ते असे की, टेबलावर असताना तो ज्या तोडीचा खेळाडू होता, त्या तोडीचा खुर्चीत बसलेला असताना कधीच नव्हता. १९९६ हे एकच साल घेतले तरी या म्हणण्याचा पुरावा मिळतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये डॅलस येथे एका स्पर्धेत आयोजकांनी असे जाहीर केले होते की, जो खेळाडू ओळीने दहा रॅक ब्रेकपासून शेवटपर्यंत साफ करील, त्याला दहा लाख डॉलर मिळतील. असे काही होणार नाही, अशाच विश्वासाने या रकमेचा विमा उतरवलेला असणार. स्ट्रिकलंडने स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी दहा नव्हे, तर ओळीने अकरा रॅक साफ केले. ज्यांनी नाइन-बॉल खेळून पाहिला आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की, अकरा वेळा ब्रेकवर किमान एक चेंडू पडला पाहिजे, अकरा वेळा पुढचा चेंडू दिसेल अशा जागी पांढरा थांबला पाहिजे आणि मग प्रत्येक रॅकमधले उरलेले चेंडू क्रमाने, एकही चूक न करता पडले पाहिजेत. आपल्याकडे पार्लरमध्ये ओळीने दोन रॅक साफ करणाऱ्याला लोक चहा पाजतात. त्या अकरा रॅकमध्ये प्रतिस्पर्धी खुर्चीत होता आणि स्ट्रिकलंड टेबलावर. पुढे विमा कंपनीने पैसे द्यायला हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी तडजोडीने मिटले. आयुष्यातल्या सर्वोत्तम कामगिरीनंतर ज्याला बक्षिसासाठी वकिलाचे उंबरे झिजवावे लागतात, त्याच्या ‘प्रेरणे’विषयी बोलताना आपण थोडी सबुरी ठेवायला हवी, हे जाता जाता नोंदवतो.

त्याच १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याचा सामना फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसशी लावण्यात आला. आधी १२० रॅक जिंकेल तो एक लाख डॉलर घेऊन जाईल आणि हरणाऱ्याला काहीच मिळणार नाही, अशी अट होती. हा सामना एका बैठकीत संपणारा नव्हता. एका टप्प्यावर स्ट्रिकलंड १७ रॅकनी पुढे होता. इतकी आघाडी घेतलेल्या माणसाला जिंकायचे नव्हते किंवा त्याचे मन खेळावरून उडाले होते, असे कोणी म्हणू शकेल का? तरीही रेयेसने ती तूट भरून काढली आणि सामना १२०-११७ असा जिंकला. जेव्हा रेयेस टेबलावर येऊन मागून भरपाई करू लागला, तेव्हा स्ट्रिकलंडला बसून पाहत राहावे लागले आणि तेच त्याला पेलले नाही, असे माझे मत आहे.

या दोघांमधला फरक लहानपणापासूनचा आहे. रेयेस मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. टेबलापर्यंत हात पुरत नव्हता म्हणून शीतपेयाच्या बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून खेळला आणि रात्री त्याच टेबलावर झोपला. अशा मुलाने स्वतः खेळण्याआधी कित्येक वर्षे इतरांचे खेळ नुसते पाहिलेले असतात. त्यामुळे खुर्चीत बसणे हे त्याच्या दृष्टीने खेळापासून दूर होणे नसते. समोरच्या टेबलाचे कापड आज किती वेगवान आहे, कुशन, म्हणजे टेबलाची कड, चेंडू किती लवकर परत पाठवते आहे, कोणत्या पॉकेटचा कोपरा जास्त घट्ट आहे, हे सगळे तो तिथेच बसून टिपत असतो. १९९५ मध्ये रेनो येथील अंतिम सामन्यात निर्णायक रॅकमध्ये स्ट्रिकलंडने पाच क्रमांकाचा चेंडू असा दडवला की रेयेसला तो सरळ दिसूच नये. रेयेसने पांढरा चेंडू दोन कुशनवर आदळवून तोच पाच क्रमांकाचा चेंडू पॉकेटमध्ये घातला आणि पुढे रॅक जिंकला. हा फटका आजही पूलच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला फटका मानला जातो. त्यात नशिबाचा भाग होता की नव्हता यावर लोक वाद घालतात. मला त्या वादापेक्षा याचे महत्त्व वाटते की, उत्तम सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा फटका, खेळून समाधानाने खुर्चीकडे वळलेल्या माणसाला पुढच्याच क्षणी असे काही पाहावे लागले. असे प्रसंग ज्याच्या वाट्याला येतात त्याला ते गिळून पुढच्या रॅकला ताज्या मनाने उभे राहता आले पाहिजे. स्ट्रिकलंडला ते गिळता येत नसे. तो प्रेक्षकांशी बोलायचा, पंचांशी हुज्जत घालायचा, टेबलाला, चेंडूंना, उजेडाला दोष द्यायचा; अमेरिका आणि युरोप यांच्या संघांत होणाऱ्या मॉस्कोनी कपमध्ये ब्रिटिश प्रेक्षकांशी त्याचे खटके उडाले ते सर्वश्रुत आहेत. यातले पुष्कळसे वर्तन अशोभनीय होते आणि त्याचे समर्थन मी करत नाही. पण ज्याला खेळाची पर्वा नाही, तो इतका चिडत नाही.

नंतरच्या काळात तो हातमोजा घालून, हाताला वजन बांधून आणि कानांवर आवाज अडवणारी साधने लावून खेळताना दिसू लागला, तेव्हा अनेकांनी त्याला विक्षिप्त ठरवून हसण्यावारी नेले. मला ती साधने म्हणजे स्वतःच्या दुखण्यावर स्वतःच शोधलेले उपाय वाटतात. ज्याचे मन खेळातून उडाले आहे, तो वयाच्या साठीत हाताला वजन बांधून सरावाला उभा राहत नाही, घरी बसतो.

प्रेरणा खरोखर हरवते तेव्हा काय होते, हे पाहायचे असेल तर स्नूकरमध्ये रॉनी ओसलिव्हनकडे पाहावे. २०१२ मध्ये जगज्जेता झाल्यावर त्याने जवळजवळ संपूर्ण हंगाम खेळ बाजूला ठेवला. स्वतःच्या मनःस्वास्थ्याबद्दल तो मोकळेपणाने बोलत आला आहे. आणि गंमत अशी की, एवढ्या खंडानंतर २०१३ मध्ये परत येऊन त्याने तेच विजेतेपद पुन्हा मिळवले. म्हणजे खऱ्याखुऱ्या प्रेरणेच्या अभावाचाही फॉर्मशी संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

२००२ च्या कार्डिफच्या जागतिक स्पर्धेविषयी लिहिल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. अंतिम सामन्यात स्ट्रिकलंडसमोर फिलिपिन्सचा फ्रान्सिस्को बुस्तामांते होता. स्पर्धा सुरू असतानाच बुस्तामांतेच्या तान्ह्या मुलीचे निधन झाल्याची बातमी त्याला कळली होती आणि तरीही तो खेळत राहिला, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. स्ट्रिकलंडने सामना १७-१५ असा जिंकला. दोन रॅकचा फरक. त्या सामन्यात कोणाचे मन कुठे होते, कोणाची जिद्द मोठी होती, हे ठरवायला बसणारा माणूस मला निर्दय वाटेल. बुस्तामांतेने पुढे आठ वर्षांनी, २०१० मध्ये दोह्यात, जगज्जेतेपद मिळवलेच. मधल्या आठ वर्षांत त्याचा फॉर्म कधी वर गेला, कधी खाली आला. त्याला कोणी मूडी म्हटले नाही, कारण तो बोलत नाही आणि भांडत नाही. आपण खेळाडूच्या चेहऱ्यावरून त्याच्या खेळाचा अर्थ लावतो, ही मोठी खोड आहे.

पैशाचा प्रश्न तर आहेच. २०२४ च्या जागतिक नाइन-बॉल स्पर्धेत एकूण दहा लाख डॉलरची बक्षिसे होती आणि विजेत्या गोर्स्टला अडीच लाख डॉलर मिळाले. परंतु हे दिवस अगदी अलीकडचे आहेत. मोठा गाजावाजा करून निघालेल्या इंटरनॅशनल पूल टूरमध्ये २००६ साली रेयेसने पाच लाख डॉलरचे बक्षीस जिंकले आणि नंतर खेळाडूंना पैशासाठी ताटकळत बसावे लागले, टूरही बुडाली. पगार नाही, संघ नाही, प्रवास स्वतःच्या खिशातून आणि बक्षीस मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा धंद्यात वर्षानुवर्षे उभा राहणारा माणूस जिद्दीने कमी कसा असेल, हे मला कळत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. खुर्चीची विद्या आपल्या देशाला नवी नाही. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये आपल्या शेजारच्या जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला, असे मानतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी विजेतेपद जिंकून वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला जगज्जेता होण्याचा मान मिळवला. गीत सेठी यांनी १९९२ मध्ये बिलियर्ड्‌समध्ये १२७६ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच पाळीत न चुकता तेवढे गुण मिळवले, तेव्हा समोरच्याला किती वेळ बसून राहावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुण्याचेच जन्माने असलेले पंकज अडवाणी इंग्लिश बिलियर्ड्‌सच्या या बसण्यातूनच घडले आहेत. त्यांचा चेहरा हरतानाही तसाच राहतो, याची आपण स्तुती करतो, पण तो चेहरा सरावाने येतो आणि तो सराव मुद्दाम करावा लागतो, हे मात्र कोणी मुलांना सांगत नाही.

धरमपेठ, सदर, सीताबर्डी या भागांतल्या पार्लरमध्ये मी बरीच वर्षे जातो आहे. तिथे एक मुलगा आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्या हातात जी जादू आहे ती मी नागपुरात फार थोड्यांच्या हातात पाहिली. लांबचा कट तो सहज मारतो आणि पांढरा चेंडू जणू दोरीने ओढून आणावा तसा परत आणतो. पण त्याच्याविषयी कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: “मूड असला तं कोणालेबी मारते भाऊ, नाही तं कोणीबी त्याले मारते.” मागच्या हिवाळ्यात एका स्थानिक स्पर्धेत मी त्याचा सामना मुद्दाम टेबलाकडे न पाहता त्याच्याकडे पाहत बसून काढला. तो चुकला की लगेच क्यू भिंतीला टेकवी, काउंटरजवळ जाई, खिशातून मोबाइल काढी आणि समोरच्याने चुकेपर्यंत त्यातच डोके घालून राही. मित्र हाक मारून सांगत, “अबे, तुझी पारी,” तेव्हा तो धावत येई, चॉक न लावताच वाकून बसे आणि पहिल्याच सोप्या चेंडूला चुके. पहिला चेंडू पडला तर मात्र हात गरम होई आणि मग रॅकच्या रॅक साफ. त्या संध्याकाळी तो ज्या ज्या रॅकमध्ये हरला, त्यातल्या बहुतेकांत तो खुर्चीतून, म्हणजे खरे तर काउंटरवरून, उठून आल्यानंतरच्या पहिल्या फटक्यालाच चुकलेला होता. समोरच्याने कापडावर पांढरा किती धावतो, डाव्या मधल्या पॉकेटला चेंडू कसा अडतो, हे सगळे दाखवून दिले होते. याने पाहिलेच नव्हते. याला मूड म्हणायचे असेल तर म्हणावे, पण हा मूड शिकवून बदलता येतो.

त्यात आपल्याकडच्या पार्लरची एक रीत या सवयीला खतपाणी घालते. हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे, हा सर्वत्र चालणारा नियम. त्यामुळे समोरचा रॅक साफ करत असताना बसलेल्याच्या डोक्यात घड्याळ आणि ताशी दर फिरत असतो आणि त्याला ते दृश्य शक्य तितके पाहायचे नसते. शिवाय टेबल साफ करणाऱ्या मार्करपासून मालकापर्यंत कोणीही मुलाला गप्प बसून पाहायला सांगत नाही, कारण पार्लरचा व्यवसाय गजबजाटावर चालतो. पालकांचे तर बोलायलाच नको. पूल खेळणारा मुलगा म्हणजे टवाळक्या करणारा, हे त्यांनी आधीच ठरवलेले असते. तो हरला की ‘लक्षच नाही’ आणि जिंकला की ‘अभ्यासात असे लक्ष दे’.

म्हणून लेखकाने स्ट्रिकलंडविषयी जे लिहिले ते नागपुरातल्या वाचकापर्यंत कसे पोहोचले असेल, याची मला काळजी वाटते. ज्या मुलाला मी पाहिले, त्याच्या काकांनी कदाचित तो लेख कापून त्याच्यापुढे ठेवला असेल आणि बघ, प्रतिभा असून मन नसले की असे होते, असे ऐकवले असेल. त्या मुलाला मन नाही असे सांगण्याचा काही उपयोग नाही. उपयोग झालाच तर हे सांगण्याचा होईल की, समोरचा खेळत असताना खुर्चीत बसून टेबल वाचणे हाही खेळच आहे आणि तो स्ट्रिकलंडसारख्या महान खेळाडूलाही पूर्णपणे साधला नाही.

आपल्या क्रीडा विभागाला आणि शहरातल्या स्पर्धा आयोजकांना माझी एवढी विनंती आहे की, सामन्यांचे वृत्त देताना आणि निकाल नोंदवताना केवळ अंतिम आकडे न देता, खेळाडू किती वेळा टेबलावर आला आणि त्यांपैकी किती वेळा पहिल्याच फटक्याला चुकला, हेही नोंदवावे. हे काम एखादा कॉलेजचा विद्यार्थीही वहीत करू शकेल. दुसरे म्हणजे, मी पाहिलेल्या बहुतेक पार्लरमध्ये खेळाडूंसाठी वेगळ्या खुर्च्याच नाहीत. असतात त्या प्रेक्षकांनी अडवलेल्या असतात. स्थानिक स्पर्धेत प्रत्येक टेबलापाशी दोन खुर्च्या खेळाडूंसाठी राखून ठेवाव्यात आणि सामना संपेपर्यंत खेळाडूंचे मोबाइल आयोजकांकडे जमा करून घ्यावेत. याला खर्च जवळजवळ नाही. येत्या हिवाळ्यातल्या स्पर्धांपासून सुरुवात करायची कोणाची तयारी असेल, तर नोंदवहीचे काम करायला मी स्वतः तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर